वेड्यावाकड्या दातांना शास्त्र देणारे डॉ. एडवर्ड अँगल

दहा-बारा वर्षांच्या मुलाचे पुढे आलेले दात दाखवायला पालक दंतवैद्याकडे जातात. तपासणी होते, दातांचे साचे घेतले जातात, क्ष-किरण छायाचित्र काढले जाते आणि केसपेपरवर 'क्लास टू, डिव्हिजन वन' अशी नोंद होते. मग तारा बसवण्याचा सल्ला मिळतो आणि पुष्कळदा एक अडचणीचा प्रश्नही समोर येतो. जागा करण्यासाठी चार चांगले, न किडलेले दात काढावे लागतील, ते काढायचे का? केसपेपरवरची ती नोंद, दातांवर चिकटवली जाणारी ती चौकट आणि दात काढण्याविषयीचा तो वाद या तिन्ही गोष्टी एकाच माणसापर्यंत जाऊन पोहोचतात. डॉ. एडवर्ड हार्टली अँगल हे त्यांचे नाव. दंतव्यंगोपचार, म्हणजेच ऑर्थोडोंटिक्स, या शाखेचे ते जनक मानले जातात. त्यांच्या निधनाला नऊ दशके उलटून गेली, तरी त्यांनी घडवलेली भाषा आणि साधने जगभरच्या दवाखान्यांत वापरात आहेत. त्यांनी ज्या तत्त्वासाठी आयुष्यभर भांडणे केली, ते मात्र त्यांच्याच आवडत्या शिष्यांनी मोडीत काढले.

अँगल यांचा जन्म 1 जून 1855 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफोर्ड परगण्यातील हेरिक या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे सात. एडवर्डला पुस्तकी अभ्यासात फारशी गती नव्हती. अवजारे हाताळणे, मोडलेले यंत्र उघडून पुन्हा जुळवणे, नवे काहीतरी घडवणे यात मात्र त्याचा हात चालत असे. दंतवैद्यकी हे तेव्हा डोक्यापेक्षा हाताचे काम समजले जाई. कवळ्या घडवणे, सोने ठोकून दात भरणे, धातूला डाग देणे यांतच दंतवैद्याचा बराचसा वेळ जात असे. यंत्रांची आवड असलेल्या तरुणाला हा व्यवसाय साजेसा होता. एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी केल्यानंतर त्यांनी फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीत प्रवेश घेतला आणि 1878 मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर टोवांडा या गावी त्यांनी दवाखाना थाटला.

पुढची काही वर्षे स्थैर्याची नव्हती. फुप्फुसाच्या विकाराने त्यांना गाठले आणि कोरड्या हवेच्या शोधात ते 1881 मध्ये मिनिआपोलिसला गेले. प्रकृती थोडी सुधारताच त्यांनी दंतवैद्यकी बाजूला ठेवून मोंटाना प्रांतात भागीदारीत मेंढपाळीचा उद्योग आरंभला. तिथल्या हिवाळ्यातील हिमवादळांनी कळपच्या कळप नाहीसे केले आणि भांडवलही त्यांच्याबरोबर गेले. अँगल पुन्हा मिनिआपोलिसला आले आणि पुन्हा दंतवैद्य झाले. या खेपेला त्यांचे लक्ष एकाच गोष्टीवर केंद्रित झाले होते, ती म्हणजे वेडेवाकडे दात. 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना हा विषय शिकवण्याचे काम मिळाले.

दात सरळ करण्याची कल्पना त्यांची नव्हती. फ्रान्समधील पिएर फोशार यांनी 1728 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधून ते ओळीत आणण्याची रीत दिली होती. अमेरिकेत नॉर्मन किंग्सली आणि जॉन नटिंग फरार यांनी या विषयावर मोठे काम केले होते. परंतु या साऱ्या कामाला एकसूत्रता नव्हती. प्रत्येक दंतवैद्य आपापल्या अंदाजाने दोष ठरवी, प्रत्येक रुग्णासाठी वेगळे साधन स्वतः घडवी आणि दात हलला की काम झाले असे समजे. कोणत्या दोषाला काय म्हणावे याबाबतही दोन दंतवैद्यांचे एकमत होत नसे. दात हलवण्यासाठी स्क्रू, स्प्रिंगा, रबर, रेशमी दोरे असे काहीही वापरले जाई. सरळ केलेले दात काही महिन्यांत पुन्हा मूळ जागी जात, हा तर नित्याचा अनुभव होता.

1887 मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या नवव्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत अँगल यांनी आपली पद्धत मांडली. मोजके, प्रमाणित सुटे भाग आधीच तयार ठेवायचे आणि दंतवैद्याने ते रुग्णाच्या तोंडात गरजेनुसार जुळवायचे, ही त्यातली मुख्य कल्पना होती. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे जर्मन सिल्व्हरचे हे भाग स्वस्त होते आणि कोणालाही विकत घेता येत. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी मात्र ती अनेकांना खटकली. ज्येष्ठांनी धातूला नावे ठेवली. काही कल्पना आपल्याच असल्याचा दावा करून फरार यांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. त्यातच अँगल यांनी आपल्या साधनांची पेटंटे घेतली होती. वैद्यकीत पेटंट घेणे म्हणजे व्यापार, अशी त्या काळच्या प्रतिष्ठित दंतवैद्यांची भावना होती. अँगल यांनी तिची पर्वा केली नाही. आयुष्यभरात त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंटे जमा झाली. त्या परिषदेनंतर निघालेल्या त्यांच्या छोट्या पुस्तिकेचा पुढे वाढत वाढत मोठा ग्रंथ झाला आणि त्याची सातवी आवृत्ती 1907 मध्ये फिलाडेल्फियाच्या एस. एस. व्हाइट कंपनीने प्रसिद्ध केली.

1892 मध्ये त्यांनी आणखी एक धाडसी निर्णय घेतला. दात भरणे, काढणे, कवळी बसवणे ही सारी कामे सोडून केवळ दात ओळीत आणण्याचेच काम करायचे, असे त्यांनी ठरवले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आणि पुढे सेंट लुईस येथील महाविद्यालयांत ते शिकवू लागले. या शिकवण्यातून त्यांच्या लक्षात आले की विषयाला आधी व्याकरण हवे. ते व्याकरण त्यांनी 1899 मध्ये 'डेंटल कॉसमॉस' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखातून दिले.

अँगल यांचे वर्गीकरण एका दाढेवर उभे आहे. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. त्यामुळे ती दुधाचीच आहे, असे समजून अनेक पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. अँगल यांच्या मते हीच दाढ साऱ्या दंतरचनेची किल्ली होती. वरच्या दाढेचा गालाच्या बाजूचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत नेमका बसला आणि बाकीचे दात एका सुरेख कमानीत उभे राहिले, तर वरच्या-खालच्या दातांचा मेळ योग्य. या निकषावर त्यांनी दोषांचे तीन वर्ग केले. दाढांचा मेळ बरोबर, पण पुढचे दात दाटीवाटीने किंवा वाकडे, हा पहिला वर्ग. खालचे दात वरच्यांच्या मानाने मागे राहिलेले, हा दुसरा वर्ग. याचेही दोन उपवर्ग होते. एकात वरचे पटाशीचे दात पुढे आलेले असतात, तर दुसऱ्यात ते आत झुकलेले असतात. खालचे दात वरच्यांच्या पुढे गेलेले, हा तिसरा वर्ग. यामुळे हजारो मैलांवरच्या दोन दंतवैद्यांना प्रथमच एकाच दोषाविषयी एकाच शब्दांत बोलता येऊ लागले.

1900 मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे अँगल स्कूल ऑफ ऑर्थोडोंशिया सुरू केले. दंतवैद्यकातील एका विशेष शाखेला वाहिलेली ही पहिली शाळा मानली जाते. आधीच दंतवैद्य असलेल्या निवडक मंडळींना काही आठवड्यांचा कसून अभ्यास येथे करावा लागे आणि बाहेर पडल्यावर त्यांनी हेच एक काम करावे अशी अपेक्षा असे. याच मंडळींतून अमेरिकन सोसायटी ऑफ ऑर्थोडोंटिस्ट्स ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष अँगलच होते. शिक्षक म्हणून ते तल्लख होते आणि तितकेच तापटही. शिष्याने पूर्ण निष्ठा ठेवावी अशी त्यांची अपेक्षा होती. मतभेद त्यांना सहन होत नसत. जवळची माणसे त्यांच्यावर जीव टाकत, तर दुरावलेल्यांशी त्यांचे वैर वर्षानुवर्षे टिके.

या शाळेत एक चित्रकारही शिकवत असे, ही गोष्ट आज वाचताना नवल वाटते. त्याला कारण होते. दात सरळ झाले तरी चेहरा चांगला दिसेलच असे नाही, हे अँगल यांना ठाऊक होते. सुंदर चेहऱ्याचा एक निश्चित नियम हाती लागावा, म्हणून ते सेंट लुईसचे कलाशिक्षक एडमंड वुर्पेल यांच्याकडे गेले. अँगल यांच्यासमोर आदर्श होता तो अपोलोच्या प्राचीन पुतळ्याचा. असा एकच नियम असू शकत नाही, प्रत्येक चेहऱ्याचा तोल त्याचा स्वतःचा असतो, हे वुर्पेल यांनी त्यांना समजावले. दोघांची मैत्री जन्मभर टिकली आणि वुर्पेल त्यांच्या विद्यार्थ्यांना चेहऱ्यातील समतोलावर व्याख्याने देत राहिले. अँगल यांनी त्यातून जो निष्कर्ष काढला, तो मात्र त्यांचा स्वतःचा होता. चेहरे कितीही वेगळे असोत, निसर्गाने दिलेले सगळे दात योग्य मेळात बसवले की त्या त्या चेहऱ्याला त्याचे सौंदर्य आपोआप लाभते, असे ते मानू लागले.

इथूनच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या वादाला तोंड फुटले. सुरुवातीच्या काळात अँगल स्वतःही जागा करण्यासाठी दात काढण्याचा मार्ग सांगत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे मत पूर्णपणे बदलले. हाडावर पडणाऱ्या भारानुसार हाडाची रचना बदलते, हा जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांचा सिद्धांत त्यांना पटला होता. त्यावरून त्यांनी असा तर्क केला की, दात योग्य जागी नेले आणि मुलाला नीट चावता येऊ लागले, की त्यांना आधार देणारे हाड आपोआप तयार होईल. मग लहान जबड्यातही सर्व दात मावतील. निरोगी दात काढणे हे त्यांच्या लेखी निसर्गाच्या योजनेचा भंग करणे होते.

शिकागोचे डॉ. कॅल्विन केस यांना हे मान्य नव्हते. दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णांवरही उपचार करणाऱ्या केस यांना चेहऱ्याचा विचार दातांच्या आधी करावा लागे. सगळ्याच मुलांच्या जबड्यात सर्व दात सामावतात असे नाही, ते कोंबून बसवले तर ओठ पुढे येतात आणि दातही टिकत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ताणून बसवायच्या रबराच्या कल्पनेचे श्रेय कोणाचे, यावरूनही या दोघांचे आधीच बिनसले होते. 1911 मध्ये राष्ट्रीय दंतवैद्यक संघटनेपुढे केस यांनी दात काढण्याच्या बाजूने निबंध वाचला. अँगल यांची बाजू त्यांचे शिष्य मार्टिन ड्युई यांनी लढवली. वाद कडवट झाला. त्या वेळी जय अँगलपंथाचा झाला आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे अमेरिकेत दात न काढता उपचार करणे हाच शिष्टसंमत मार्ग राहिला. निर्णय पुराव्यापेक्षा अधिकारवाणीवर झाला होता.

तत्त्वाबाबत अँगल जितके ठाम होते, तितकेच आपल्या साधनांबाबत असमाधानी होते. त्यांचे सुरुवातीचे साधन म्हणजे दाढांना पट्ट्या बसवून, त्यांच्यात अडकवलेली एक जाड, कमानीसारखी तार. तिच्या टोकांना आटे असत आणि त्यावर चाक्या फिरवून कमान पुढे सरकवली जाई. वाकडे दात त्या तारेकडे बांधून ओढले जात. यात दात फक्त झुकत, त्यांची मुळे जागची हलत नसत. म्हणून 1910 च्या सुमारास त्यांनी प्रत्येक दातावर एक बारीक नळी आणि तारेवर तिच्यात बसणारी खिट्टी अशी रचना केली. तत्त्व अचूक होते, पण प्रत्येक वेळी खिट्टीची जागा बदलून तिला नव्याने डाग द्यावा लागे. फार थोड्यांना हे कसब साधले. 1915-16 मध्ये चपट्या फितीसारख्या तारेची योजना आली. दातावर खाच असलेली चौकट, म्हणजे आज सर्वांना ठाऊक असलेले ब्रॅकेट, या पद्धतीतून रूढ झाले.

या काळात त्यांची प्रकृती पुन्हा ढासळली होती. सेंट लुईस सोडून ते आधी न्यूयॉर्कला, मग कनेक्टिकटमधील न्यू लंडनला गेले. 1911 मध्ये तिथले वर्ग बंद पडले. अखेर ते कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे स्थायिक झाले. या साऱ्या प्रवासात त्यांना साथ होती ती अ‍ॅना हॉपकिन्स यांची. त्या आधी त्यांच्या सचिव होत्या. अँगल यांच्या सांगण्यावरून त्यांनी आयोवा येथे दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि 1902 मध्ये पदवी मिळवली. या शाखेतील पहिल्या स्त्री तज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अँगल यांचा पहिला विवाह संपुष्टात आल्यावर 1908 मध्ये दोघांनी विवाह केला. ग्रंथलेखन, पत्रव्यवहार, शाळेची व्यवस्था हे सारे अ‍ॅना यांच्याच हातून होत असे आणि शिष्यमंडळी त्यांना आईच्या जागी मानत.

पॅसाडिनात विश्रांती घ्यायची असे ठरले होते, पण शिष्य दाराशी येतच राहिले. 1920 च्या दशकात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी घराशेजारी शाळेसाठी इमारत उभारून दिली. इथेच, वयाच्या सत्तरीत, अँगल यांनी आपले अखेरचे आणि सर्वांत टिकाऊ साधन घडवले. 1925 मध्ये सिद्ध झालेल्या या 'एजवाइज' पद्धतीत ब्रॅकेटची खाच आडवी, समोरून उघडी ठेवली होती. तिच्यात चौकोनी छेदाची सोन्याच्या मिश्रधातूची तार कडेवर उभी बसवली जाई. खाचेची मापे इंचाच्या हजाराव्या भागात 22 गुणिले 28, म्हणजे सुमारे 0.56 गुणिले 0.71 मिलिमीटर. गोल तार खाचेत फिरते, चौकोनी तार फिरत नाही. त्यामुळे तिला दिलेला पीळ थेट दाताच्या मुळापर्यंत पोहोचतो. दात पुढे-मागे, वर-खाली, आत-बाहेर असा तिन्ही दिशांना, मुळासकट हलवणे एकाच साधनाने शक्य झाले.

हे साधन जगासमोर नीट मांडण्याच्या कामात त्यांना अ‍ॅरिझोनाचे चार्ल्स ट्वीड या तरुण दंतवैद्याची मोठी मदत झाली. ट्वीड यांच्यावर अँगल यांचा विशेष लोभ होता. त्यांनी केवळ एजवाइज पद्धतीनेच काम करावे आणि या शाखेला कायद्याने स्वतंत्र मान्यता मिळवून द्यावी, अशी इच्छा अँगल यांनी व्यक्त केली. ट्वीड यांनी ती पूर्ण केली. 1929 मध्ये असा कायदा करणारे अ‍ॅरिझोना हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 1930 रोजी, सांता मोनिका येथे अँगल यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे 'द अँगल ऑर्थोडोंटिस्ट' हे नियतकालिक 1931 मध्ये सुरू झाले आणि ते आजही प्रसिद्ध होते.

गुरूच्या पश्चात ट्वीड यांनी काही वर्षे त्यांच्याच नियमाने, एकही दात न काढता, उपचार केले. मग त्यांनी आपले जुने रुग्ण परत तपासले आणि ते अस्वस्थ झाले. अनेकांचे दात पुन्हा वाकडे झाले होते. काहींचे ओठ आणि दात पुढे आल्याने चेहऱ्याचा तोल बिघडला होता. ट्वीड यांनी अशा रुग्णांवर नव्याने उपचार केले. या वेळी त्यांनी चार उपदाढा काढल्या आणि तीच एजवाइज तार वापरली. 1936 मध्ये त्यांनी दात काढण्याच्या बाजूने निबंध वाचला, तेव्हा अँगलपंथीयांना तो गुरुद्रोह वाटला. 1940 मध्ये त्यांनी शंभर रुग्णांचे, आधी दात न काढता आणि नंतर काढून केलेल्या उपचारांचे साचे आणि छायाचित्रे व्यवसायबंधूंसमोर मांडली. तिकडे ऑस्ट्रेलियात रेमंड बेग या पॅसाडिनातील दुसऱ्या शिष्याने स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला होता. अँगल यांची फितीची चौकट उलटी बसवून आणि बारीक, लवचीक तार वापरून त्यांनी जी पद्धत तयार केली, ती भारतातील दंत महाविद्यालयांतही अनेक वर्षे शिकवली गेली.

वर्गीकरणाचेही तसेच झाले. ते फक्त पुढे-मागेचा विचार करते, जबड्याच्या हाडांविषयी थोडेच सांगते, हा आक्षेप पुढे सर्वमान्य झाला. डोक्याची प्रमाणित क्ष-किरण छायाचित्रे घेऊन हाडांची वाढ मोजण्याची पद्धत 1931 मध्ये अमेरिकेत मांडली ती हॉली ब्रॉडबेंट यांनी. तेही अँगल यांचेच विद्यार्थी, आणि त्यांचा तो निबंध आला तो अँगल यांच्या नावाच्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी. दात बदलले म्हणून जबड्याचे हाड हवे तेवढे वाढत नाही, हे अशा मोजमापांतून हळूहळू स्पष्ट होत गेले.

आज सोन्याच्या जागी पोलाद आणि निकेल-टायटॅनियमच्या तारा आल्या आहेत. 1955 मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या पृष्ठभागावर आम्लाची प्रक्रिया करून पदार्थ चिकटवण्याची युक्ती शोधल्यानंतर प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी ठोकण्याची गरज उरली नाही. 1970 च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी तारेला द्यायचे पीळ ब्रॅकेटमध्येच घडवले. तरीही आडवी खाच आणि चौकोनी तार ही मूळ जोडी अँगल यांचीच आहे. दात काढायचे की नाही, याला आज एकच उत्तर दिले जात नाही. जबड्यातील जागा, ओठांची ठेवण, मुलाचे वय आणि राहिलेली वाढ पाहून प्रत्येक रुग्णासाठी तो निर्णय वेगळा घ्यावा लागतो. काहींमध्ये जागा मिळवता येते, काहींमध्ये दात काढणेच हिताचे ठरते.

प्रत्येक चेहऱ्याचा तोल स्वतंत्र असतो, हे चित्रकार वुर्पेल यांनी अँगल यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले होते. अँगल यांनी त्यातही एक नियम शोधला आणि तिथे त्यांची गफलत झाली. पण ती गफलत दाखवून देणाऱ्यांच्या हाती मोजण्याची भाषा होती, नेमके साधन होते आणि या कामाला आयुष्य वाहण्याची सवय होती. या तिन्ही गोष्टी त्यांना अँगल यांच्याकडूनच मिळाल्या होत्या.